पिनकोड एरिया: डिटॅच_कमिट अखेर पार पडलं

एसएपीच्या ॲबॅप भाषेत पिनकोडची यादी मेमरीत एकदाच ठेवायची आणि सगळ्या युजरनी ती वाचायची, असं हे काम. त्यात मागच्या अपडेटमध्ये अडवणारं एक्स्टर्नल रेफरन्सचं एक्सेप्शन (एरर) सुटलं. दोन वेगळ्या युजरच्या सेशनमधून आता एकच पिनकोड टेबल वाचता येतंय. ४०३००१ टाकलं की दोन्हीकडे पणजी. एसएचएमएम (शेअर्ड मेमरी बघायचा मॉनिटर) उघडलं तर एकच ॲक्टिव्ह व्हर्जन आणि त्यावर दोन रीड लॉक. ती एक ओळ बघण्यासाठी एवढा खटाटोप होता!

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. एक्स्पोर्ट टू मेमरी आयडी आधीच बाद झालं होतं, कारण ॲबॅप मेमरी एका मेन सेशनच्या कॉल साखळीपुरतीच असते. स्लॅश-ओ करून दुसरी विंडो उघडली की तिथे काहीच नाही. सेट पॅरामीटर त्या युजरच्या सगळ्या विंडोंत पोचतं, पण त्यात मावतं एखादं छोटं मूल्य, आणि दुसऱ्या युजरला तेही दिसत नाही. म्हणून शेअर्ड ऑब्जेक्ट्स: सर्व्हरच्या सामायिक मेमरीत, ‘एरिया’ नावाच्या कप्प्यात ठेवलेली ऑब्जेक्ट्स, जी सगळ्या युजरना वाचता येतात.

आता मुख्य दुखणं. अटॅच_फॉर_राइट (एरिया लिहिण्यासाठी उघडणं) नीट होत होतं, रूट (एरियातलं मुख्य ऑब्जेक्ट) सेट होत होतं, टेबल भरत होतं, आणि डिटॅच_कमिटला (बदल पक्के करून एरिया सोडताना) सीएक्स_एसएचएम_एक्स्टर्नल_रेफरन्स हे एक्सेप्शन. नियम साधा आहे: कमिटच्या क्षणी एरियातल्या कुठल्याही ऑब्जेक्टमधून बाहेर, म्हणजे सेशनच्या स्वतःच्या मेमरीत जाणारा एकही रेफरन्स उरता कामा नये. अडचण ही की नेमका कोणता रेफरन्स बाहेर जातोय ते एक्सेप्शनवरून कळलं नाही. मग जुनीच युक्ती: कमिटच्या आधी रूटमधले रेफरन्स ॲट्रिब्यूट एकेक करून क्लिअर करायचे आणि प्रत्येक वेळी पुन्हा चालवायचं. दोन चोर सापडले.

पहिला एमओ_इंडेक्स हा ॲट्रिब्यूट. रूट ऑब्जेक्ट स्वतः एरियात तयार केलं होतं, पण त्याच्या लोड मेथडमध्ये इंडेक्सचं ऑब्जेक्ट न्यू वापरून बनत होतं. रूट एरियात आहे म्हणून त्याने बनवलेलं ऑब्जेक्टही आपोआप एरियात जाईल, असं मुळीच नाही. न्यूला एरिया हँडल (एरियाकडे बोट दाखवणारा रेफरन्स) जोडता येत नाही, तिथे क्रिएट ऑब्जेक्टच लागतं. हँडल मिळवायला सीएल_ॲबॅप_मेमरी_एरियाची गेट_हँडल_बाय_ओरेफ ही मेथड घ्या आणि तिला ‘मी’ (me, म्हणजे ते ऑब्जेक्ट स्वतः) द्या. रूट साध्या मेमरीत असेल तर ती साध्या मेमरीचं हँडल देते, त्यामुळे तोच क्लास युनिट टेस्टमध्येही तसाच चालतो. क्रिएट डेटालाही हाच नियम. स्ट्रिंग आणि इंटर्नल टेबल मात्र व्हॅल्यू म्हणून कॉपी होतात, त्यांची चिंता नको.

दुसरा चोर जास्त लबाड: लॉगर. कन्स्ट्रक्टरला दिलेला लॉगरचा रेफरन्स ॲट्रिब्यूटमध्ये ठेवला होता. लॉगर सेशनचा, रूट एरियाचा, जमणारच नाही. आता लॉगर ॲट्रिब्यूटमध्ये राहत नाही, मेथडच्या पॅरामीटरमधून येतो. आणि हे विसरू नका: डिटॅच_कमिट फसलं तर कॅचमध्ये डिटॅच_रोलबॅक हवंच. नाहीतर चेंज लॉक ते सेशन संपेपर्यंत अडून राहतो आणि पुढच्या चाचणीत भलतंच एक्सेप्शन शोधत बसावं लागतं.

हे लिहितानाच वाटलं, इंडेक्सला वेगळं ऑब्जेक्ट हवंच कशाला? पिनकोड ही की असलेलं हॅश्ड टेबल ठेवलं की रेफरन्सचा प्रश्नच मिटतो. पण हॅश्डला युनिक की लागते, आणि एका पिनकोडखाली अनेक पोस्ट ऑफिसं असतात. तेव्हा सॉर्टेड टेबल, नॉन-युनिक की. एमओ_इंडेक्स पुढच्या बदलात कायमचा जाणार.

जागेचा हिशेब: पिन ६, ऑफिस ४०, तालुका ३०, जिल्हा ३०, म्हणजे १०६ कॅरेक्टर, युनिकोडमध्ये २१२ बाइट. दहा हजार ओळींचे साधारण २ एमबी. शेअर्ड मेमरीची जागा ठरवणारं ॲबॅप/शेअर्ड_ऑब्जेक्ट्स_साइझ_एमबी डिफॉल्ट २० आहे, त्यामुळे ऐसपैस. पण व्हर्जनिंग चालू असेल तर अटॅच_फॉर_अपडेट आधी पूर्ण कॉपी काढतं, म्हणून दुप्पट धरूनच चाला.

ऑटो-बिल्डचं (रिकामी एरिया आपोआप भरण्याचं) एक लक्षात ठेवा. एरिया रिकामी असताना पहिल्या वाचणाऱ्याला सीएक्स_एसएचएम_नो_ॲक्टिव्ह_व्हर्जन मिळणारच, कारण बिल्ड दुसऱ्या सेशनमध्ये सुरू होतो. टेक्स्ट-आयडीत बिल्ड_स्टार्टेड दिसलं तर थोडं थांबून पुन्हा अटॅच करा. सध्या पाच वेळा, एकेक सेकंदाने. मात्र वेट अप टूने डेटाबेस कमिट होतो, तेव्हा अर्धवट व्यवहाराच्या मध्ये हे लूप नको. ते प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच उरकून घ्या.

साधनांबद्दल: क्लास एक्लिप्समध्ये लिहायला छान, शेअर्ड मेमरी एनेबल्ड हे थेट डेफिनिशनमध्ये लिहिता येतं. एसएचएमए (एरिया बनवायची स्क्रीन) आणि एसएचएमएमसाठी एसएपी जीयूआयच बरं. रूट क्लास बदलून ॲक्टिव्हेट केल्यावर इनकन्सिस्टंट हे एक्सेप्शन आलं तर कोड तपासत बसू नका, आधी एसएचएमएममध्ये जुनी इन्स्टन्स इनव्हॅलिडेट करा.

पुढचं काम ट्रान्झॅक्शनल (डेटाबेस कमिटशी बांधलेल्या) एरियाचं ठरलं होतं, ते आता मागे पडलं. ही मेमरी प्रत्येक ॲप्लिकेशन सर्व्हरची वेगळी असते. लॉगऑन ग्रुपने (युजरना सर्व्हरांत वाटणाऱ्या सोयीने) युजर दुसऱ्या सर्व्हरवर गेला तर त्याला जुनी यादी दिसू शकते. त्यासाठी इनव्हॅलिडेट_एरिया या (जुनी व्हर्जन बाद करणाऱ्या) मेथडला सगळे सर्व्हर सांगावे लागतात. डॉकरमधल्या एसएपी ट्रायल सिस्टमवर इन्स्टन्स एकच आहे, तिथे याची खरी परीक्षा होत नाही. म्हणून आधी दुसरी डायलॉग इन्स्टन्स उभी करायची, मग बाकीचं.