एक उतार आणि त्याची फाइल

‘सायकलवाल्यांचा गट काढायचाय, काय काय लागतं?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कामाच्या दिवशी दुपारी तीनला तुमच्यातलं मोकळं कोण असतं? रविवारी पहाटे खडकवासल्याला जायला पुण्यात हवी तेवढी माणसं मिळतात. गटाचं नाव, लोगो, टी-शर्टचा रंग यावर आमच्याकडे शेकड्यांनी मेसेज पडले आणि ते सगळं बिनबोभाट पार पडलं, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते सायकल ट्रॅकच्या उतारासाठी महापालिकेला दिलेल्या एका कागदाबद्दल. काम होऊन गेलं तरी डोकं अजून थंड झालेलं नाही.

आमच्या भागात रस्त्याच्या कडेने सायकल ट्रॅक आहे. चौकाच्या थोडं अलीकडे तो संपतो. रस्त्याला मिळत नाही, नुसता वीतभर उंचीवर येऊन थांबतो. हलक्या गिअरच्या सायकलवाल्यांना त्याचं काही वाटत नाही, उचलली की झालं. पण तिथून रोज जाणारी माणसं निराळी. आम्ही एका सकाळी कोपऱ्यावर उभं राहून बघितलं: पेपर टाकणारी मुलं, रात्रपाळी संपवून घरी निघालेले वॉचमन, सोसायट्यांमध्ये कामाला येणाऱ्या बायका. एका मावशींच्या हँडलला दोन्हीकडे पिशव्या होत्या. त्या उतरल्या, पिशव्या काढून फुटपाथवर ठेवल्या, पुढचं चाक खाली सोडलं, मागचं कॅरियरला धरून उतरवलं, पिशव्या परत अडकवल्या. तेवढ्या वेळात मागे एक बाइकवाला हॉर्न वाजवत उभा, तोही ट्रॅकवरच. मी विचारलं, मावशी, रोज असंच? त्या म्हणाल्या, ‘छे! रोज रस्त्यावरनंच जाते. आज बस आडवी होती म्हणून इकडनं आले.’

मागणी एवढीच होती: शेवटाला उतार करा आणि बाइक घुसू नयेत म्हणून तोंडाशी खांब लावा.

पत्राचा पहिला मसुदा आमच्यातल्या एका उत्साही मुलाने लिहिला. पुणे म्हणजे सायकलींचं शहर, प्रदूषण, आरोग्य, २००६ मध्ये सातारा रस्त्यावर बीआरटी (बसची स्वतंत्र मार्गिका) झाली तेव्हा शेजारी आखलेले ट्रॅक, २०१८ च्या सुमारास फुटपाथवर दिसणाऱ्या आणि पुढे गायब झालेल्या भाड्याच्या पिवळ्या-केशरी सायकली, सगळं त्यात होतं. गटातले एक काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी लाल पेन घेतलं आणि एकच वाक्य ठेवलं: महापालिकेच्या मुख्य सभेने डिसेंबर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला आहे, त्याला अनुसरून हे काम व्हावं. ‘भावना वाचायला तिथे कुणी पगार घेत नाही. ठराव असेल तर तो सांगा,’ काका म्हणाले. पत्राला तीन फोटो जोडले, एकात उंचीला टेप लावलेली. ही टेप फार कामाची, फोटोत आकडा दिसला की ‘किरकोळ आहे हो’ असं म्हणता येत नाही.

आता ते कार्यालय. कुठलं ते सांगत बसत नाही, ज्यांनी कुठेही पत्र दिलंय त्यांना ओळखीचंच वाटेल.

आवक-जावकच्या बाईंनी पत्र उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, ‘साहेबांचं मार्किंग आणा, त्यांचा शेरा हवा, मग शिक्का मारते.’ साहेब साइटवर. पुढच्या खेपेला साहेब मीटिंगला. भेटले तेव्हा म्हणाले, ‘अहो, माझ्याकडे कशाला? आवकला द्या की.’ परत खाली आलो. बाई म्हणाल्या, ‘ते तोंडी असंच म्हणतात. लिहून देतात का?’ टेबलावरच्या चहाच्या ग्लासाखाली कुणाचा तरी अर्ज होता, त्यावर गोल डाग पडला होता. मी आवाज चढवला असता, पण सोबतच्या काकांनी कोपराने ढोसलं. त्यांनी शांतपणे दुसरी प्रत पुढे केली आणि म्हणाले, ‘ताई, पत्र घेऊ नका, हरकत नाही. घेत नाही एवढं या प्रतीवर लिहून द्या.’ शिक्का बसला. आवक क्रमांक आणि तारीख, दोन्ही. क्रमांकाशिवाय नुसता शिक्का घेऊन घरी येऊ नका, पुढे फाइल शोधताना त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

मग तो कागद कॅरमच्या सोंगटीसारखा या कडेवरून त्या कडेवर. पुण्यात ढोबळमानाने १२ मीटर आणि त्याहून रुंद रस्ते महापालिकेच्या मुख्य पथ विभागाकडे आणि त्याहून अरुंद रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे असतात. पत्र कुठे द्यायचं ते या हिशेबाने आधीच ठरवा. आम्ही ठरवलं होतं, तरीही पत्र ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव’ म्हणून दुसरीकडे गेलं. तिथे कळलं, ट्रॅकच्या शेवटाला चेंबर आहे, म्हणजे ड्रेनेजचं काम. ड्रेनेजवाले म्हणाले, चेंबर आमचं, पण त्याच्या वरचा भाग आमचा नाही. वरचा म्हणजे किती वरचा, हे विचारायची माझी फार इच्छा होती. पत्र परत पहिल्या ठिकाणी आलं आणि तिथे आम्हाला सांगण्यात आलं की तुमचं पत्र आम्ही पाठवून दिलंय.

या काळात गटाची खरी परीक्षा झाली. दर चार दिवसांनी कुणीतरी विचारायचं, ‘काय झालं त्या उताराचं?’ सांगितलं की अंगठे यायचे. सोबत चला म्हटलं की कुणाची मीटिंग, कुणाच्या मुलाची परीक्षा. ३ जूनला जागतिक सायकल दिनाची रॅली काढू, असं सुचवणारे मात्र भरपूर. रॅलीला माझी ना नाही, फोटो छान येतात.

कोंडी फुटली ती सोमवारी. जिल्हा पातळीवरच्या सरकारी कार्यालयांमध्ये आणि महापालिकांसारख्या स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइली बघता येतात. राज्य सरकारने २०१८ मध्ये तसा निर्णय काढलेला आहे आणि पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती. माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही, ओळखपत्र जवळ ठेवा. आवक क्रमांक होता म्हणून फाइल निघाली. काकांनी चष्मा लावून टिप्पणी मोठ्याने वाचली: ‘सदर ठिकाणी समक्ष पाहणी केली असता सायकल मार्ग सुस्थितीत असल्याचे दिसून आले. सबब प्रकरण दप्तरी दाखल करण्यास हरकत नसावी.’ म्हणजे फाइल बंद. खाली सही. तारीख नाही, फोटो नाही. काका खूश झाले, मला कळेना का. म्हणाले, ‘अरे, आता विचारायला काहीतरी मिळालं.’

त्याच दिवशी तिथेच बसून पत्र लिहिलं: आपल्या टिप्पणीत नमूद केलेल्या पाहणीची तारीख आणि छायाचित्रे मिळावीत. संपलं पत्र. थोड्याच दिवसांत कनिष्ठ अभियंत्यांचा फोन आला, संयुक्त पाहणी करू या. आले, भला पोरगा होता. स्वतः टेप लावली, ‘मला तर हे ठिकाण दाखवलंच नव्हतं’ म्हणाला, आणि चालू असलेल्या दुसऱ्या कामात उतार बसवला. पावसाळा संपल्यावर एका संध्याकाळी काँक्रीट पडलंसुद्धा. इतक्या कामासाठी इतकी ये-जा, याचा राग मला अजून येतो आणि येतच राहावा असं वाटतं. काका म्हणतात, त्यांच्या खात्यात याहून वाईट होतं.

फोटोतल्या टेपवरून आठवलं, पाहणीला अभियंता येईल तेव्हा टी-शर्टवाल्यांची फौज नेऊ नका. रोज सायकल वापरणारी दोन माणसं पुरतात. आमच्याकडे एक वॉचमनदादा आले होते. त्यांनी सायकल उचलून दाखवली तेव्हा कुणाला काही बोलावं लागलं नाही.

माहिती अधिकाराची वेळ आलीच तर अर्ज गटाच्या नावाने करू नका, कायद्याने हा हक्क नागरिकाला आहे, स्वतःच्या नावाने करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, आणि महाराष्ट्रात १५० शब्दांची मर्यादा आहे. उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपये. गटाची नोंदणी करायची का, हेही नेहमी विचारतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण लागतात, ते जमतात. पुढे दरवर्षीचे हिशेब आणि पदाधिकारी बदलले की चेंज रिपोर्ट (त्या बदलाची नोंद), हे कोण करणार ते आधी ठरवा. पत्र द्यायला नोंदणी लागत नाही. आम्ही केलेली नाही.

खांब मात्र राहिलेच. ते आता नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकात, म्हणजे लोकांनी सुचवलेल्या कामांसाठीच्या तरतुदीत, सुचवले आहेत. महापालिका साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात त्याचे अर्ज घेते आणि एका कामाला ५ लाखांपर्यंतची मर्यादा असते, खांबांना ती पुष्कळ झाली. फक्त दोन खांबांमधलं अंतर किती असावं ते अर्जात तुम्हीच लिहा: बाइकवाल्याला अवघड जायला हवं, व्हीलचेअर आणि पिशव्या अडकवलेली सायकल जायला हवी. एका रस्त्यावर ते इतके जवळ ठोकलेत की सायकल हँडल तिरकं करून काढावी लागते आणि बाइकवाले शेजारच्या फुटपाथवरून आरामात जातात. त्याचा फोटो आम्ही अर्जाला जोडला आहे, खाली लाल पेनाने ‘असे नको’ लिहून.