तुम्ही विचारलंत म्हणून: कासवाची अंडी आम्ही का हलवतो

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं बघायला आलेली माणसं हॅचरीच्या, म्हणजे अंडी पुन्हा पुरून राखायच्या कुंपणाच्या, जाळीपाशी उभी राहून हमखास विचारतात, "अंडी उकरून इकडे आणायचीच कशाला? निसर्गाचं निसर्गाला करू द्या की!" त्या सुरात आरोप असतो, म्हणून एकदा नीट सांगतो.

जागेवर ठेवलेली अंडी कोल्हा नाहीतर गावातलं मोकाट कुत्रं उकरतं. घरटं भरतीच्या रेषेखाली असेल तर खारं पाणी मुरून अंडी गुदमरतात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे काम सुरू केलं, तेव्हा तर माणसंच अंडी काढून नेत होती.

मादी रात्री अंडी घालून परत जाते. पहाटे तिचा माग धरून वर जायचं, वाळू विस्कटलेली दिसेल तिथे काठीने हलकेच चाचपायचं. काठी भसकन आत गेली की काठी बाजूला, पुढचं सगळं हातानेच. साधारण दीड फूट खोल, तळाशी फुगीर नि तोंडाशी अरुंद असा मडक्यासारखा खड्डा असतो, आत शंभर-सव्वाशे अंडी. खोली आणि तोंडाची रुंदी मोजून ठेवायची. बादलीत आधी घरट्यातलीच ओली वाळू, मग एकेक अंडं, वरची बाजू वरच ठेवून. हॅचरीत त्याच मापाचा खड्डा, वर तीच वाळू आणि तारीख-संख्येची पाटी.

हे सगळं पहिल्या काही तासांत व्हायला हवं. माग पुसला गेला आणि घरटं दुपारी सापडलं, तर खरी पंचाईत. तोवर गर्भ कवचाला आतून चिकटू लागलेला असतो. मग अंडं नुसतं फिरलं तरी तो सुटतो आणि मरतो. बाहेरून काहीच कळत नाही. पन्नास-पंचावन्न दिवसांनी शेजारच्या खड्ड्यांवरची वाळू खचते, पिल्लं वर येतात. या खड्ड्यावर झाकलेली टोपली मात्र तशीच पालथी. आणखी काही दिवस वाट बघून उकरायचं, एकेक अंडं फोडून बघायचं. डोळेही न उमटलेले गर्भ निघत राहिले, की बहुधा हलवतानाच गेले असं धरायचं. घरटंच्या घरटं जातं, आणि ते आपल्या हातून. म्हणून उशिरा सापडलेलं घरटं भरतीच्या वर असेल तर हलवू नये, तिथेच जाळी ठोकून राखण करावी. भरतीखाली असेल तर मात्र जोखीम घ्यावीच लागते.

हॅचरीत सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या वाढतात. सगळी घरटी एकाच उन्हातल्या कुंपणात घालणं मला खटकतं. प्रत्येक घरटं हलवलंच पाहिजे, असं मी पूर्वी ठासून सांगायचो. आता नाही सांगवत. पण कुत्री मोकळी आहेत तोवर "निसर्गावर सोडा" हेही पटत नाही.

तुम्हाला मदत करायचीच असेल तर गावातल्या घरी उतरा, तिथेच जेवा. पिल्लू हातात मागू नका, फ्लॅश मारू नका. आणि गाडी पुळणीवर उतरवू नका: चाकांखाली वाळू घट्ट दबते आणि समुद्राकडे निघालेली पिल्लं चाकोरीत अडकतात.