विम शिकताना आधी कोरा विम

विम हा प्रोग्रॅम लिहिण्यासाठी वापरला जाणारा मजकूर-संपादक शिकायला घेणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवातीला त्यात एकही प्लगइन (जादा सोयींची जोड) टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. गोव्यातल्या फर्मागुडीला माझ्याबरोबर शिकणाऱ्या बऱ्याच जणांनी कोणाची तरी तयार विमआरसी फाइल (विम कसा वागावा हे ठरवणाऱ्या आज्ञांची फाइल) उतरवून घेतली. पडदा देखणा झाला खरा, पण कोणती कळ मूळ विमची आणि कोणती त्या फाइलने बदललेली हे कळेनासे झाले आणि लॅबमधल्या साध्या विमसमोर हात अडू लागले.

त्यापेक्षा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, विमट्युटर (vimtutor) ही आज्ञा द्यावी. अर्ध्या तासाचा हा पाठ धड्याच्या तात्पुरत्या प्रतीवरच चालतो, त्यामुळे काही बिघडण्याची भीती नसते. कर्सर एच, जे, के आणि एल या कळांनी हलवणे आरंभी जाचक वाटते, पण त्याला इतिहास आहे. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत व्हीआय हा संपादक लिहिला, तेव्हा त्यांच्यापुढच्या एडीएम-३ए टर्मिनलवर (पडदा आणि कळफलक असलेल्या जुन्या यंत्रावर) बाण याच चार कळांवर छापलेले होते. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विमने ती रीत पुढे चालवली.

खरी गोडी मात्र आज्ञा एकमेकींना जोडण्यात आहे. पडद्यावर मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफ या आज्ञेच्या ओळीतील दुहेरी अवतरणचिन्हांमधला मजकूर बदलायचा असेल, तर कर्सर त्या ओळीच्या आरंभी असला तरी चालतो. सी, आय आणि अवतरणचिन्ह अशा तीन कळा दाबल्या की आतला मजकूर पुसला जाऊन लगेच नवा लिहिता येतो. एस्केप दाबून, म्हणजे लिहिणे थांबवून पुन्हा आज्ञा देण्याच्या स्थितीत येऊन, पुढच्या तशाच ओळीवर जावे आणि केवळ टिंब दाबावे, म्हणजे तोच बदल तिथेही होतो. सीच्या जागी डी वापरल्यास मजकूर फक्त पुसला जातो, वाय वापरल्यास त्याची नक्कल घेतली जाते. क्रिया आणि तिचे कर्म अशी ही मांडणी एकदा अंगवळणी पडली की आज्ञांची यादी पाठ करावी लागत नाही.

पावसाळ्यात आमच्या सत्तरी तालुक्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून स्वॅप फाइल प्रत्येकाने समजून घ्यावी. दोनशे अक्षरे टंकली किंवा चार सेकंद हात थांबला की विम न साठवलेले बदल या लपलेल्या फाइलमध्ये उतरवतो. वीज आल्यावर मूळ फाइल उघडताच सूचना दिसते. तेव्हा घाईने ती डावलू नये, आर दाबून मजकूर परत मिळवावा, तपासावा, साठवावा आणि मगच जुनी स्वॅप फाइल काढून टाकावी.

प्रोग्रॅममध्ये मराठीतून टिपणे लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. विमच्या आज्ञा रोमन अक्षरांच्याच असल्याने एस्केप दाबल्यावर कळफलक इंग्रजीवर आणल्याशिवाय त्या चालत नाहीत. काही टर्मिनलांत जोडाक्षरे तुटलेली दिसतात, तरी युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत साठवलेला मजकूर शाबूत असतो.

हे सारे हाताला बसले की विमआरसीत पहिली भर म्हणून ओळींचे क्रमांक आणि चार जागांचे इंडेंट (ओळीच्या आरंभीची मोकळी जागा) यांच्या आज्ञा स्वतः टंकाव्यात, आणि पुढची प्रत्येक ओळ तिचा अर्थ हेल्पमध्ये वाचूनच घालावी.