कोड वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरून काय कळतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, तसा हा प्रश्न मला सोसायटीत, लग्नात, अगदी ऐरोलीला ठाण्याच्या ट्रेनची वाट बघतानाही लोक विचारतात, की प्रोग्रामरची नजर कुठे जाते ते बघून त्याला कोड समजला का नाही हे ओळखता येतं का?

नुसतं तेवढ्यावरून नाही ओळखता येत.

आमच्या लॅबमध्ये लोक कोड वाचतात तेव्हा त्यांची नजर टिपायला स्क्रीनखाली एक पट्टी असते, ती डोळ्यांवर आपल्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकते, कॅमेरा बाहुली आणि डोळ्यावरची त्या प्रकाशाची चमक टिपतो आणि त्यावरून नजर कुठे आहे ते काढतो. वाचताना नजर सरळ सरकत नाही, साधारण पाव सेकंद थांबते, उडी मारते, परत थांबते. उन्हातही इन्फ्रारेड असतं म्हणून आमच्या लॅबच्या खिडकीला भर दुपारीसुद्धा जाड पडदा ओढलेला असतो.

आता कोड आपण पेपरसारखा वरून खाली वाचत नाही. 2015 च्या एका अभ्यासात, बुस्यान आणि सहकाऱ्यांच्या, दिसलं की नवशिकेसुद्धा साध्या मजकुरापेक्षा कोड कमी सरळ वाचतात आणि अनुभवी लोक तर त्याहूनही कमी. फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, कुठे बोलावलंय ते बघायचं, ते लिहिलंय तिथे जायचं, परत यायचं. हे मला फार सुंदर वाटतं, कारण प्रोग्राम जसा चालतो तशी नजर चालायला लागते.

पण मागच्या पावसाळ्यात कोडमधली चूक शोधताना एक मुलगी लूपच्या, म्हणजे परत परत चालणाऱ्या तुकड्याच्या, अटीवर इतका वेळ थांबली की मी वहीत लिहिलं, अडकली. नंतर तिलाच तिच्या नजरेचं रेकॉर्डिंग दाखवून विचारलं तर म्हणाली, चूक केव्हाच सापडली होती, मी मनात आकडे घालून खात्री करत होते. आणि त्याच ओळीवर तेवढाच वेळ थांबलेली दुसरी मुलगी, तिला खरंच काही कळलं नव्हतं. दोघींच्या नजरेचे नकाशे जवळजवळ सारखे! तेव्हापासून विचारल्याशिवाय मी काही लिहीत नाही.

आयटीतले लोक लगेच पुढचं विचारतात, हे मॅनेजरच्या हातात गेलं तर? मलाही तीच काळजी आहे. 2006 मध्ये जपानमधल्या उवानो आणि सहकाऱ्यांना दिसलं होतं की सुरुवातीला सगळ्या कोडवरून नीट नजर न फिरवणाऱ्यांना चूक सापडायला जास्त वेळ लागतो, आणि ही सुरुवातीची फिरणारी नजर बाहेरून बघणाऱ्याला टाइमपास वाटू शकते, त्यावरून कोणाचं अप्रेझल झालं तर किती अन्याय होईल. म्हणून लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी बसायच्या आधीच सांगते, रेकॉर्डिंग तुमच्या ऑफिसला जाणार नाही, आणि मध्येच उठावंसं वाटलं तर उठा, मी तुमच्यासमोर पुसते.