जुन्या थारला २४५/७५ टायर : कुठे घासतं, कुठे नाही

पाचही टायर चढले. गाडी महिंद्राची जुनी थार सीआरडीई, पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), मागे पाटे. कंपनीचं माप २३५/७० आर १६ होतं, आता २४५/७५ आर १६ ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारा. रिम कंपनीचेच ठेवलेत आणि गाडी उंच करायचं लिफ्ट किट घातलेलं नाही, घालणारही नाही.

जुना टायर साधारण ७३५ मिमी उंच, नवा ७७४. गाडी उचलली जाते ती फरकाच्या निम्मी, म्हणजे जेमतेम १९ मिमी. एवढ्यासाठी एवढा खर्च? घरचे हेच विचारतात. उत्तर मागच्या डिफरेन्शियलखाली, म्हणजे मागच्या चाकांच्या मधोमध लटकणाऱ्या गिअरच्या गोळ्याखाली आहे. मागचा अ‍ॅक्सल अखंड. पाटे वाढवा, ब्लॉक टाका, शॅकल लांब करा, बॉडी वर जाते आणि डिफरेन्शियल राहतं जिथल्या तिथे. त्याला वर न्यायचं तर टायरच मोठा हवा. वैतरणा धरणाच्या बाजूला ट्रॅक्टरनी पाडलेल्या चाकोऱ्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना मधल्या उंचवट्याचं दुखणं सांगायला नको. पूर्वी तिथे डिफरेन्शियल दगडावर खरवडल्याचा आवाज ठरलेला. आता त्याच चाकोरीतून गवत घासल्याचा आवाज येतो, बस.

सातपूरला महिंद्राचा कारखाना असल्याने नाशकात या गाडीत हात घातलेले मेकॅनिक पैशाला पासरी, हे आपलं नशीब. आमचे मेकॅनिक मामा अंबडचे. टायर बसवायच्या आधी त्यांनी टायरच्या खांद्यावर खडूने जाड पट्टे ओढायला लावले. मग स्टेअरिंग एका टोकापर्यंत फिरवायचं, गाडी पुढे-मागे घ्यायची, उतरून बघायचं. मग दुसऱ्या टोकापर्यंत तेच. खडू जिथे पुसला तिथे टायर लागतो. सपाट जमिनीवर फुल लॉकला डावीकडे फक्त बंपरच्या खालच्या कोपऱ्याला पांढरी रेघ उमटली. खरी परीक्षा त्यानंतरची. पुढचं एक चाक गुडघाभर दगडावर चढवलं, स्प्रिंग पूर्ण दबली आणि मग स्टेअरिंग फिरवलं. आता चाकाच्या मागच्या बाजूला लायनरवरही (आतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर) खडू लागला. ही चाचणी न करता "घासत नाही" असं सांगणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही. डांबरावर काहीच घासत नसतं.

बंपरचा कोपरा दोन बोटं कापला आणि कड कानशीने घासून घेतली. लायनर हीट गनने गरम करून मागे दाबला. उजवीकडे तेवढ्यावर भागलं. डावीकडे चाक पूर्ण दबलेलं असताना शेवटच्या पाव वळणात अजून लागतं. स्टेअरिंगचा स्टॉपर थोडा बाहेर काढला की ते थांबेल, पण वळण मोठं होईल. मेन रोडवर पार्किंग शोधणाऱ्याला ते परवडत नाही, म्हणून तूर्त तसंच ठेवलंय.

टॉर्शन बार वर घेऊन पुढची बाजू उचलायची का, यावर बरीच चर्चा झाली. मामांचं म्हणणं, "भाऊ, दोन सुताच्या वर मी बोल्टला हात लावणार नाही." कारण पटण्यासारखं आहे. बार ताणला की स्प्रिंग मजबूत होत नाही, फक्त पुढचं चाक आधीच खाली लटकल्यासारखं राहतं. खड्ड्यात खाली जायला त्याला जागा उरत नाही, कॅम्बर (चाकाचा उभा कल) बिघडतो, ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून रबरी बूट लवकर फाटतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर, चिखल आत. दोन सूत घेतलं आणि लगेच अलाइनमेंट करून आणली.

बाहेर निघणारे रुंद रिम दिसायला झकास असतात, पण टायर बाहेर सरकला की वळताना फेंडरला लागतो आणि बेअरिंगवर ताण वाढतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत फेरबदल करण्यावर मर्यादा आहेत आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचाही त्यावर निकाल आलाय. आर्चच्या (चाकावरच्या कमानीच्या) बाहेर डोकावणारा टायर नाक्यावर सगळ्यात आधी नजरेत भरतो. टायर आर्चच्या आतच ठेवा.

स्टेपनीही त्याच मापाची घेतली, आणि हा चैनीचा प्रश्न नाही. आपली फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, म्हणजे गरजेपुरती लावायची; पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोड्यांमध्ये डिफरेन्शियल नाही. चारांतलं एक चाक लहान असलं की फोर हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचे गिअर) ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी, सतत पिळली जाते. पाचवा टायर जड आहे, भंगारवाल्याच्या काट्यावर जुन्यापेक्षा सुमारे चार किलो जास्त भरला. ते सगळं वजन मागच्या फाळक्याच्या बिजागरीवर येतं. तिथे आधाराची पट्टी वेल्ड करायची आहे.

चालवताना काय बदललं? गिअर साधारण पाच टक्क्यांनी उंच झालेत. कसारा घाटात जिथे पाचवा चालायचा, तिथे आता चौथा लागतो. उतारावर इंजिनाचा ब्रेकही थोडा कमी मिळतो, म्हणून एक गिअर खालचा ठेवायची सवय करतोय. फोर लोमध्ये (चारही चाकांना ताकद, हळू पण जोरदार गिअर) फरक जाणवत नाही. स्पीडोमीटर ८० दाखवायचा तेव्हा जीपीएसवर ७६ असायचे. आता दोन्हीकडे ८०. अ‍ॅव्हरेज काढताना मात्र सांभाळा. स्पीडोमीटर आधी वेग जास्त दाखवायचा, पण अंतराचा मीटर बरोबर होता; आता त्या मीटरवरचे १०० किमी म्हणजे प्रत्यक्षात १०५, त्यामुळे मोठ्या टायरने डिझेल खाल्लं अशी ओरड करण्याआधी हा हिशेब लावा. तो लावूनही माझं अ‍ॅव्हरेज उतरलंच आहे, पण रडण्याइतकं नाही.

चिखलाचं म्हणाल तर त्र्यंबक-इगतपुरीकडच्या लाल, दगडमिश्रित मातीत हा टायर मस्त धरतो. हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली की दगडाला अक्षरशः मिठी मारतो. निफाडकडच्या काळ्या मातीत मात्र ऑल टेरेनचे सगळे खाचे पहिल्या शंभर फुटांत लिंपले जातात, मग टायर कितीही मोठा असो. तिथे खोल खाचांचा, चिखलासाठीचा मड टेरेनच हवा. पण मी रोज डांबरावर चालवतो आणि तो घोंघाट मला सहन होणार नाही.

हवा उतरवली तर परत भरायचा पंप गाडीत हवाच. २० पीएसआयवर महामार्गाला लागू नका, टायर तापतो.

पावसाळ्याआधी बिजागरीची पट्टी, नंतर पाचही टायरांचं रोटेशन, आणि डाव्या लायनरचं काय करायचं ते तोपर्यंत ठरेल. कोणी या मापावर आतली कड कापून काम भागवलं असेल तर किती कापली ते कळवा.