पत्त्यातली बॅरेक

उल्हासनगरला पोस्टमन म्हणून लागलात की सगळ्यात आधी कळतं ते पिनकोडचं गणित. 421001 म्हणजे कॅम्प एक, 421002 म्हणजे कॅम्प दोन, असं करत 421005 म्हणजे कॅम्प पाच. माझी बीट, म्हणजे टपाल वाटायचा भाग, कॅम्प चारची. आणि मग डोक्यात बसवावे लागतात ते बॅरेक नंबर, कारण इथल्या पत्त्यात आधी बॅरेक नंबर येतो मग रूम नंबर, आणि गंमत अशी की त्यातल्या कितीतरी बॅरेक आता जागेवरच नाहीयेत, तिथे चार-पाच मजली बिल्डिंगा उभ्यात, तरी कालपरवा जन्मलेली पोरंसुद्धा ऑनलाइन पार्सल मागवताना पत्त्यात बॅरेक नंबरच टाकतात.

तर 8 ऑगस्ट 2024, गुरुवार. शहराला 75 वर्षं झाली तो दिवस. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प होता, कल्याण कॅम्प, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर लोकांना त्या रिकाम्या बॅरेकींमध्ये ठेवलं आणि 8 ऑगस्ट 1949 ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी, यांनी कोनशिला बसवली, उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. माझ्या बीटवर एका चौकात मांडव घातला होता, बॅनरवर हीच सगळी माहिती, गाणी चालू होती, पाऊस मात्र सकाळपासून थांबायचं नाव घेत नव्हता.

त्या दिवशीच्या टपालात एक रजिस्टर पाकीट होतं, इंडोनेशियाहून आलेलं. पत्ता इंग्रजीत, थरथरत्या हाताने लिहिलेला, बॅरेक नंबर, रूम नंबर आणि एका बाईचं फक्त पहिलं नाव. खाली एक ओळ अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. सॉर्टिंगला सगळे म्हणाले अपूर्ण पत्ता शेरा मार आणि परत पाठव. नियमाने ते बरोबरच होतं, कारण ती बॅरेक पाडून झालेली बिल्डिंगसुद्धा धोकादायक म्हणून रिकामी केलीये, 2021 मध्ये इथे स्लॅब कोसळून माणसं गेली त्यानंतर अशा बऱ्याच बिल्डिंगा रिकाम्या झाल्या. पण जकार्ताहून कुणीतरी एवढ्या लांबून पाठवलंय तर विचारून तरी बघू म्हटलं.

ती ओळ वाचणारा माणूस सापडेना. दुकानातली तरुण पोरं सिंधी फर्डं बोलतात पण लिपी येत नाही म्हणाली. 1967 ला सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, पण पुढे पोरं इंग्रजी मीडियमला गेली आणि सिंधी शाळांचे वर्ग ओस पडले, मला याचं खरंच वाईट वाटतं, आपल्या मराठी शाळांचंही तेच चाललंय. शेवटी चालिहोच्या, म्हणजे सिंधी लोकांच्या झुलेलालच्या चाळीस दिवसांच्या उपासाचं सामान घ्यायला आलेले एक रिटायर्ड मास्तर भेटले, त्यांनी चष्मा पुसला आणि एका दमात वाचून दाखवलं. नळाच्या समोरची खोली, पापडवाल्याची मोठी मुलगी. आणि लगेच म्हणाले, अरे ये तो अपनी अम्मा है, पीछे की गली में किराये पे रहती है.

अम्मा तळमजल्यावर राहतात, वय ऐंशीच्या पुढे. मी रेनकोट काढेपर्यंत आतून आवाज, अचु पुट, वेहु, म्हणजे ये बाळा, बस. आणि समोर पापड आणि पाणी. सिंधी घरात कुणीही आलं की आधी पापड-पाणी, मग काय काम ते. पाकिटात एक पत्र होतं आणि जुन्या फोटोची प्रिंट, बॅरेकीच्या ओट्यावर बसलेल्या दोन मुली. पाठवणारी त्यांची मैत्रीण, लग्न होऊन परदेशी गेलेली. फोन नंबर दोघींकडे नव्हता, तिला एवढा पत्ता तेवढा पाठ होता.

मग अम्मा बोलत राहिल्या. कराचीहून आईबरोबर बोटीने आल्या, वडील मागून जोधपूरमार्गे रेल्वेने. एका बॅरेकीत किती कुटुंबं ते विचारू नको म्हणाल्या, मधे गोणपाटाचे पडदे, पडद्यापलीकडे ही मैत्रीण. रात्री आई पापड लाटायची, दिवसा वडील लोकलमध्ये विकायचे. उल्हासनगरच्या मालाची चेष्टा करणाऱ्यांनी हे एकदा ऐकायला पाहिजे, शून्यातून धंदा उभा केलाय या लोकांनी, भीक न मागता.

मी विचारलं, आज शहराचा वाढदिवस आहे, राजाजी आले होते तो दिवस आठवतो का. त्या म्हणाल्या कोण आलं होतं ते नाही आठवत, बाबूजी जेवले नव्हते ते आठवतं. तोपर्यंत सगळे कल्याण कॅम्पच म्हणायचे, कॅम्प म्हणजे आज ना उद्या उठणार आणि आपण घरी जाणार. बाबूजी म्हणाले, 'अब नाम रख दिया, मतलब अब वापस नहीं जाना है.' दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी खोलीसमोर पापडाची पाटी लावली.

मी आपला गप्प बसलो. इतकी वर्षं या गल्ल्यांतून फिरतोय, वर्धापनदिन म्हणजे आनंदाचाच असं धरून चाललो होतो, चौकातल्या बॅनरवरही राजाजींचं नाव होतं, नदीचं होतं, पण शहर वसलं त्याच दिवशी किती घरांतली परत जायची आशा संपली हे कुठेच नव्हतं. माझ्या मते तेही सांगितलं गेलं पाहिजे, त्याशिवाय या माणसांनी पुढे जे उभं केलं त्याची किंमत कळत नाही.

मोबाईलवर सही घेतली, बोटाने उजवीकडून डावीकडे केलेली, ॲपने निमूट घेतली. नवीन पत्ता मीच इंग्रजीत कागदावर लिहून दिला, त्यात जुना बॅरेक नंबरही टाका असं अम्मांनी बजावलं म्हणून तोही लिहिला, उत्तर पाठवायला लागेल ना.

त्या आठवड्यापासून मी एक वही केलीये. एका बाजूला जुना बॅरेक नंबर, समोर आज तिथे काय आहे, आणि माहीत असेल तर तिथली माणसं कुठे गेली. मास्तर संध्याकाळी मदत करतात. कॅम्प चारमधल्या ओटी सेक्शनची पानं अजून बरीच रिकामी आहेत. कुणाच्या घरी जुनं रेशन कार्ड, घरपट्टीची पावती, खोलीच्या वाटपाचा कागद असेल तर रद्दीत घालू नका, फक्त नंबर आणि जागा कळवली तरी चालेल.