न आलेलं गलबत

शुक्रवार, 1 डिसेंबर 2023. पहाटे चारला सावंतवाडीच्या मिलाग्रिस चर्चसमोर आम्ही सतरा जण जमलो. जुन्या गोव्याला सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला चालत जायचं, म्हणजे साठ-सत्तर किलोमीटर, आणि रविवारी पहाटेची मिस्सा, चर्चमधली उपासना, गाठायची. शेजारच्या काकू दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जातात. आदल्या रात्री त्या कोकमतेलाचा गोळा घेऊन आल्या. "म्हणजे तुमची वारीच की गं! टाचांना लाव, आणि चपला नव्या घालू नकोस." मी नव्याच घेतल्या होत्या.

माझा नवरा आखातात कामाला. ऑगस्टपासून पगार नाही, कंपनी बंद पडल्यात जमा, पासपोर्ट त्यांच्याच कपाटात आणि परतीचे कागद कुणी करून देईना. रोज रात्री फोनवर एकच वाक्य: "उद्या सांगतो म्हणाले." मी शिवणकाम करते. दिवाळीच्या ब्लाउजांवर कर्जाचा एक हप्ता निघाला, पुढचा कुठून भरायचा ते ठाऊक नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "सायबाक आंगवण सांग." आंगवण म्हणजे नवस. तो फेडायला लोक काम झाल्यावर जातात, मी आधीच निघाले. गिऱ्हाइकाने पैसे आगाऊ दिले की मीही त्याचं काम आधी उरकते, तोच हिशेब.

इन्सुलीच्या घाटात मिट्ट काळोख. पुढचा कुणीतरी 'नमो मरिया' म्हणायचा, मागून उत्तर यायचं. समोरून ट्रक आला की सगळे गटाराकडे सरायचे आणि प्रार्थना तिथेच तुटायची. मग बायबलमधलं 23वं स्तोत्र सुरू झालं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ'. लहानपणापासून पाठ, पण त्या घाटात पहिल्यांदा लक्षात आलं की काळोखी दरी चुकवून नेईन, असं मेंढपाळ त्यात कुठेच म्हणत नाही. मला थोडा रागच आला.

बांद्यात चहा आणि उसळ-पाव, पत्रादेवीला गोव्याची हद्द, मग नुसता हायवे. चौपदरी रस्ता गाडीवाल्यांना सुखाचा, चालणाऱ्याला सावलीचं एक झाड नाही. धारगळच्या आसपास मोपाला उतरणारी विमानं डोक्यावरून जायला लागली. त्याच वर्षी जानेवारीत तो विमानतळ सुरू झाला, तेव्हा नवरा फोनवर म्हणाला होता, "आता घर दीड तासावर." प्रत्येक विमानाला मान वर करून बघायची नाही असं ठरवलं आणि प्रत्येकाला बघितलं. तोवर दोन्ही टाचांना फोड आले होते.

रात्री एका घराच्या ओसरीवर पथाऱ्या पसरल्या. घरच्या बाईंनी कुणाला काही न विचारता पेज आणि लोणचं आणून ठेवलं. जेवल्यावर आमच्यातल्या निवृत्त गुरुजींनी सायबाची गोष्ट काढली. फ्रान्सिस झेवियर हिंदुस्थानला यायचाच नव्हता. ज्याला पाठवायचं ठरलं होतं तो आजारी पडला, म्हणून 1540 च्या मार्चमध्ये जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस याने ऐनवेळी झेवियरला विचारलं. हा तयार झाला आणि लगेच रोम सोडून निघाला. लिस्बनहून जहाज सुटलं 7 एप्रिल 1541 ला, त्याच्या पस्तिसाव्या वाढदिवशी. मोझांबिकला मुक्काम पडला आणि गोवा गाठायला तेरा महिने लागले. पुढे जपान झालं, मग चीनचा ध्यास. परक्या माणसाला चीनमध्ये पाऊल टाकायला बंदी होती. किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर थांबून त्याने एका चिनी व्यापाऱ्याशी ठरवलं, चोरून कँटनला नेऊन सोड. मोबदला मिरीच्या रूपात द्यायचा. ठरलेला दिवस आला, गलबत आलं नाही. ताप चढला. 3 डिसेंबर 1552 च्या पहाटे, एका झोपडीत, तो गेला.

"वय किती?" मी विचारलं.

"सेहेचाळीस."

माझा नवरा सेहेचाळीस वर्षांचा आहे. परक्या किनाऱ्यावर बसून तोही वाटच बघतोय. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. एकशेचाळीस रुपयांच्या मेणबत्त्या घेऊन मी ज्याच्याकडे निघाले होते, त्याला स्वतःलाच ऐन वेळी गलबत मिळालं नव्हतं. आमच्या माणसाला तो विमानात कसा बसवणार? झोप आली नाही. मुलगी कॉलेजात इतिहास शिकते. तिने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती: गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट न पाळणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, आणा, असं 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला सायबानेच लिहिलं. ते आलं 1560 मध्ये, त्याच्या मरणानंतर. मी तेव्हा तिला गप्प केलं होतं. पण ते खरं आहे, आणि त्या रात्री तेही आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी कोलवाळचा पूल ओलांडताना मी सगळ्यांच्या मागे पडले. एक मावशी माझ्यासाठी थांबल्या. एकोणीस वर्षं न चुकता चालणाऱ्या. त्यांचा मुलगा बोटीवर होता, तो परत आला नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून विचारायची लाज वाटत होती, तरी विचारलंच: "मावशी, तुमचं मागणं त्याने ऐकलं नाही. मग दरवर्षी कशाला?"

त्या रागावल्या नाहीत. "मागूक गेलंस तर दमतलंस गे. मी मागूक खंय जातंय? भेटूक जातंय." मग पायांकडे बघून, "चपला काढ आणि माझे घाल. म्हापशाक सँडल घेऊया."

त्यांच्या जुन्या, तळ झिजलेल्या चपला मला बरोबर आल्या. त्या स्वतः म्हापशापर्यंत मोज्यांवर चालल्या. मी नको म्हटलं, पण त्यांनी ऐकून घेतलं नाही.

पर्वरीची चढण माझ्या आठवणीत नाही, फक्त पाय आठवतात. मांडवीच्या पुलावर रात्र झाली होती. खाली कॅसिनोच्या बोटी निऑनने लखलखत होत्या, पैज लावायला आलेल्यांच्या गाड्या हॉर्न देत बाजूने जात होत्या. मला हसू आलं. मीही दोन दिवस पैजच लावत चालले होते: इतके किलोमीटर, इतके फोड, आता तू एक पासपोर्ट दे.

पणजीपासून रायबंदरपर्यंत पोर्तुगीजांनी 1630 च्या दशकात बांधलेला बांधरस्ता आहे, सरळसोट, दोन्ही अंगांना पाणी. तिथे कुणी बोलत नव्हतं. वेगवेगळ्या गावांहून आलेले जथे एकमेकांत मिसळत होते, कर्नाटकातलेही होते. ओळख नसलेल्या एका मुलाने माझी पिशवी घेतली ती जुन्या गोव्यापर्यंत परत दिली नाही.

सायबाचं शव जिथे ठेवलंय त्या बॉम जेझू चर्चमध्ये आम्ही पहाटे शिरलो. 2014 च्या शवप्रदर्शनाला आम्ही नवराबायको बसने आलो होतो, तेव्हा काचेतून दिसलं होतं. एरवी चांदीची पेटी उंचावर असते, टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर, आणि खालून फक्त पेटीच दिसते. मागून लोटालोट, पुढे स्वयंसेवक हात हलवतोय, "फुडें, फुडें." तोंडपाठ केलेलं मागणं होतं, तारखेसकट. दोन सेकंद मिळाले असतील. मी नवऱ्याचं नाव घेतलं, आणि मग, का कोण जाणे, मावशींच्या मुलाचं. पुढचं काही सुचायच्या आत दाराबाहेर होते.

मिस्सा मांडवाच्या शेवटच्या टोकाला उभं राहून ऐकली. साडेनऊला फोन लागला.

"पोचलीस?"

"पोचले. काही कळलं?"

"नाही अजून. आज इकडे ऑफिस उघडं असतं, जातो विचारायला." थोडं थांबून, "पाय कसे आहेत?"

"तुझे?"

तो हसला. बऱ्याच दिवसांनी. मग रेंज गेली.

कदंबाच्या बसला वेळ होता. मावशींनी खाज्याचा पुडा सोडला. मी पायरीवर बसून कोकमतेलाचा गोळा उन्हात धरला. जरा विरघळल्यावर आधी त्यांच्या टाचांना लावलं, उरलं ते माझ्या.